पोटातलं पाणी

मी मुळात भित्रा माणूस आहे. पिकअप चालवून पोट भरतो, पण ट्रकच्या पुढे गाडी काढायची म्हटली तरी तळहाताला घाम सुटतो. चाकणच्या कंपन्यांना पॅकिंगची खोकी पोचवताना बाकीचे ड्रायव्हर मागून हॉर्न मारत पुढे जातात आणि जाता जाता काय बोलतात तेही ऐकू येतं. बोलू देत. भित्र्या माणसाच्या गाडीला ओरखडा नसतो, हे एकालाही सुचत नाही.

अशा माणसाच्या नशिबी मेहुणा मात्र गाड्यांचा वेडा आला. बायकोचं माहेर काळेवाडीत. सासरे कंपनीतून रिटायर झालेले, मेहुणा दुसऱ्या कंपनीत शिफ्टला. सुट्टीच्या दिवशी तो कुणाची तरी गाडी खोलून बसलेला असायचा. चाकणजवळच्या आमच्या वस्तीकडे येणारा रस्ता पाइपलाइनसाठी खणला आणि तसाच टाकून दिला, तेव्हापासून माझ्या पिकअपचं पोट दगडांना घासायला लागलं होतं. मेहुण्याला निमित्तच हवं होतं.

"दाजी, गाडी उचलून घेऊ," तो म्हणाला. "रुबाब तरी येईल जरा."

मला रुबाब नको होता. पण मला नाही म्हणता येत नाही, हा भित्रेपणाचाच दुसरा प्रकार आहे. त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी उचलली. पिकअपच्या मागच्या बाजूला लोखंडी पाटे असतात, एकावर एक रचलेले. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर तोललेलं असतं. त्यात दोन जाडजूड पाटे वाढवले, खाली ठोकळा घातला आणि दणका शोषणारे शॉकअप तेवढे जुनेच ठेवले. गाडी उंच झाली, मेहुणा खूश झाला आणि माझं धाबं दणाणलं.

कारण गाडी आता मागून आपटायची. रिकामी असली तर विचारूच नका. छोट्याशा स्पीडब्रेकरवरही मागची बाजू उसळायची आणि तो दणका सीटमधून थेट पाठीच्या कण्यात शिरायचा. आणि माझ्या शेजारी, त्याच सीटवर, दिवस गेलेली बायको बसायची. दवाखाना पिंपरीत, घरात दुसरी गाडी नाही, आणि आमच्या त्या खणलेल्या रस्त्यावर रिक्षावाला यायला तयार नाही.

आमचं आधीचं एक गेलं होतं, चौथ्या महिन्यात. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की यात कुणाचा दोष नसतो. आईनं मात्र घरी आल्या आल्या निकाल लावला होता, "गाडीतनं हिंडली, म्हून झालं. दुसरं काय न्हाई." डॉक्टरांचं मला पटलं होतं, पण मनात घर केलं ते आईच्या वाक्यानं. प्रत्येक खड्ड्याला ते वाक्य आतून आपटायचं. मी इतकी हळू चालवायचो की शाळेतून घरी निघालेली सायकलवरची पोरं वळून बघत पुढे जायची.

"अहो, जरा दाबा की," बायको हसायची. "अशानं रस्त्यातच बाळंत होईन मी."

तिला भीती म्हणून नव्हतीच. निदान मला तसं वाटायचं. गाडी आपटली की ती पोटावर हात ठेवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि मग खिडकीबाहेर बघायला लागायची. मला वाटायचं, दुखतंय पण बोलत नाही.

गॅरेजवाल्याकडे मी पुन्हा पुन्हा गेलो. त्याचं उत्तर ठरलेलं. "नवे पाटे आहेत भाऊ. चालू द्या जरा. बसतील."

"बसतील म्हणजे?"

"म्हणजे दबतील. मागं वजन टाका, लवकर बसतील."

आता या 'बसण्या'वर माणसानं किती विश्वास ठेवायचा? आपल्याकडे घडी बसते ती चांगली, आणि धंदा बसतो तो वाईट. जम बसतो, तसा घसाही बसतो. पण मी विश्वास ठेवला. खोक्यांना वजन ते काय असणार, म्हणून मागे वाळूची पोती टाकली. काही फरक पडला नाही, उलट माल ठेवायला जागा उरेना, म्हणून काढून टाकली.

सातव्या महिन्यात तिला माहेरी न्यायला काळेवाडीहून माणसं आली. मेहुणा, त्याचे दोन चुलतभाऊ आणि एक मामा. जेवणं झाली, आईनं ओटी भरली. निघताना मेहुण्याच्या डोक्यात कल्पना आली.

"दाजी, आम्ही सगळे मागं बसतो. पाट्यांना वजन मिळेल, पाटे बसतील आणि ताईला धक्का लागणार नाही. एका दगडात दोन पक्षी."

"मागं माणसं बसवायची नसतात," मी म्हणालो.

"काय राव दाजी! एवढं घाबरून कसं चालायचं?"

मामासुद्धा हसले. चौघं मागे चढले आणि फळीला टेकून ऐसपैस बसले. पाटे बसावेत म्हणून माणसं बसवलेली ती गाडी घेऊन मी निघालो. आई दारातून ओरडली, "सावकाश जा रं, लेकुरवाळी हाय संगं." लेकुरवाळी अजून व्हायची होती.

हायवेला लागेपर्यंत गाडी नेहमीसारखी आपटत होती. प्रत्येक दणक्याला मी बायकोकडे बघत होतो आणि ती पोटावर हात ठेवत होती. मग चिंबळी फाट्याच्या आसपास मागून टण्ण असा आवाज आला आणि एकदम सगळं मऊ झालं. पुढचा खड्डा आला, गाडी हलकेच डुलली, बस्स. मागची काच सरकली. मेहुणा तोंड आत घालून ओरडत होता, "दाजी, बसली! बसली! पोटातलं पाणी हलत नाही बघा आता!"

मागे टाळ्या वाजल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझं लक्ष स्टिअरिंगकडे गेलं. स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे सरकत होती. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरावं लागत होतं. पुढे इंद्रायणीचा पूल. शेजारून कंटेनर चाललेले. मला तो पूल दिसायला लागला आणि पुलाचा कठडा आणि खालचं पाणी, सगळं एकदम दिसायला लागलं. मी पुलाच्या अलीकडेच एका रसवंतीसमोर गाडी उभी केली.

"आता काय झालं?" मागून हशा.

मामा खाली उतरले, वाकले आणि तसेच वाकून राहिले. कुणी हसेना. नवे दोन्ही पाटे मधोमध तुटले होते. पाट्यांना आवळून धरणारे बोल्ट ढिले झाले होते आणि मागच्या चाकांचा दांडा एका बाजूनं सरकून चाक मडगार्डला टेकायला आलं होतं. नवे पाटे दबले की बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, हे आम्हाला नंतर कळलं. गॅरेजवाल्यानं 'बसतील' एवढंच सांगितलं होतं. मेहुण्यानं चाकाला हात लावून पाहिला. "पुलावर गेलो असतो तर..." एवढंच म्हणाला.

मी बायकोच्या दाराशी गेलो. खरं सांगायचं तर थोडा तोरा होता मनात. इतके दिवस मला भित्रा म्हणत होतात, आता बघा. ती दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. तिचे ओठ सुकले होते.

"अहो," ती म्हणाली, "हलत नाहीये."

"काय हलत नाहीये?"

"गाडी आपटली की ते आत हलायचं. लाथ मारायचं. म्हणून मला बरं वाटायचं. प्रत्येक खड्ड्याला मला कळायचं की आहे. भाऊ म्हणाला ना, पोटातलं पाणी हलत नाही म्हणून. तेव्हापासून हात ठेवून बसलेय. खरंच काही हलत नाहीये हो."

इतके दिवस मी धक्क्यांना घाबरत होतो आणि ती धक्क्यांची वाट बघत होती. बिनघोर वगैरे ती कधीच नव्हती. माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती, फक्त मला घाबरवायचं नाही म्हणून हसत होती.

रसवंतीवाल्यानं बाकडं दिलं. तिला रस पाजला, डाव्या कुशीवर टेकवलं. मी पोटावर हात ठेवला. काही नाही. मला माझ्याच हातातली नाडी लागत होती आणि दर वेळी ते बाळ वाटत होतं. मेहुणा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्यानं एक कार अडवली. पिकअप मामांच्या ताब्यात तिथेच सोडून आम्ही पिंपरीला गेलो. ती कार भलतीच मऊ होती. सबंध रस्ता आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

दवाखान्यात सिस्टरनं पोटावर यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर. तिनं ते जरा खाली सरकवलं, मग बाजूला. आणि मग टपटप टपटप आवाज यायला लागला. "झोपलंय," सिस्टर म्हणाली. मी कॉटचा दांडा धरून उभा होतो, तो मला सोडता येईना.

गाडी नंतर भोसरीच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे दिली. त्यानं ठोकळा अर्ध्यावर आणला आणि जाड पाट्यांच्या जागी एकच पातळ पाटा घातला. जुने शॉकअप गाडी नुसती उभी असतानाही पूर्ण ताणलेले होते, ते काढून जास्त लांबीचे बसवले. माल भरून गाडी फिरवून आणायला लावली आणि बोल्ट पुन्हा आवळले. गाडी लोण्यासारखी झाली.

मग काळेवाडीहून तिला तपासणीला न्यायला मीच जायचो. पहिल्याच खेपेला, पिंपरीच्या रस्त्यावर, ती सीटला टेकून बसली होती. दोन्ही हात पोटावर. मग ती पुढे बघत हळूच म्हणाली, "अहो, तो खड्डा चुकवू नका."

मी गिअर उतरवला आणि गाडी सावकाश त्या खड्ड्यात घातली.