चार कोंबड्यांसाठी घर

मुलीला मुदतीचा ताप आला तेव्हा ती पाच वर्षांची होती. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. माघात आलेला ताप फाल्गुन लागता लागता उतरला, पण पोर अंथरुणातून उठेना. तिच्या पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या आणि केस हाताला लागले की गळून यायचे. वसई गावातले डॉक्टर शेवटचं तपासून गेले तेव्हा अंगणात सायकल धरून म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता रोज एक अंडं द्यायचं, अर्धं उकडून. ताजं हवं. बाजारचं किती दिवसांचं असतं कोण जाणे."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. खाडा करू नका."

डॉक्टरांनी ते सहज सांगितलं. तिच्याआधीचा माझा मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला होता. तेव्हापासून कुणी 'खाडा करू नका', 'जपा', 'लक्ष ठेवा' असं काही म्हटलं की मला वाटायचं, माझ्या हातून हे होणार नाही.

घरात मी, मुलगी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, एवढीच माणसं. नवरा मुंबईला छापखान्यात कामाला. तिथेच नातेवाइकांकडे राहायचा आणि शनिवारी यायचा. सासूबाई वर्षापूर्वी गेल्या होत्या आणि त्या गेल्यापासून मामंजींचं बोलणंच आटलं होतं. मी त्यांच्याशी दाराआडून बोलायची, तेही जेवण वाढलंय एवढं सांगण्यापुरतं. त्यांचा सगळा जीव पानमळ्यात. आंघोळ केल्याशिवाय ते वेलीत पाऊल टाकत नसत, पायात वहाण घालत नसत आणि दुसऱ्या कुणाला घालू देत नसत. आमच्याकडे मासे रोज असायचे, सणावाराला कोंबडीही शिजायची. तरी वाडीत कोंबडी पाळलेली त्यांना खपत नसे. पायांनी माती उकरून ती वेलीची मुळं उघडी पाडते, केळीची आळी फोडते. शिवाय वेलीला तिचा विटाळ. "कोंबडी आणि वेल एका वाडीत नांदत नाहीत," असं ते म्हणायचे.

आणि आता मला नेमक्या कोंबड्याच पाळायच्या होत्या.

सकाळी ते चहा घेत होते तेव्हा मी दाराआडून बोलले. पदर बोटाभोवती इतका घट्ट गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं होतं. सांगून झाल्यावर कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "किती?"

"चार."

"ठेव. पण एकही पानमळ्यात दिसता कामा नये. दिसली तर त्याच दिवशी सगळ्या देऊन टाकीन."

कुंपणापलीकडे एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. त्या घरची बाई माझ्या आईच्या वयाची. मी तिला मावशी म्हणायची. तिनं त्याच संध्याकाळी पाय बांधलेल्या चार कोंबड्या आणून दिल्या. खुराडं नव्हतंच, म्हणून मी त्या पडवीत बांबूच्या डालग्याखाली झाकल्या आणि वर दगड ठेवला. सकाळी दगड खाली पडलेला, डालगं तिरपं झालेलं, आणि आत तीन कोंबड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. चौथीची पिसं कुंपणापर्यंत सांडली होती.

मावशीनं वाकून पाहिलं. "रानमांजर आहे बाय. मुंगूस असता तर मारून इथंच टाकली असती."

मला रडू आवरेना. एका कोंबडीसाठी रडतेस काय, असं ती म्हणाली नाही. घरात जाऊन दुसरी घेऊन आली. "चार म्हणालीस तर चार. पण आता आधी घर बघ त्यांचं."

मग मी मुलीला मावशीच्या मुलीपाशी बसवून इतरांची खुराडी बघत हिंडले. मावशीचं स्वतःचं खुराडं चांगलं होतं. चार पायांवर उभं, वर कौलं, आत बसायला आडव्या काठ्या. पण ती सकाळी दार उघडायची आणि कोंबड्या दिवसभर वाटेल तिथे चरायच्या. तिच्या वाडीत पानमळा नव्हता. आम्हाला मासळी आणून देणारी कोळीण मला खाडीकाठच्या तिच्या घरी घेऊन गेली. तिथे जुन्या मोडक्या होडीचा अर्धा भाग पालथा घातलेला आणि त्याखाली कोंबड्याच कोंबड्या. मी विचारलं, "रात्री काही नेत नाही?"

"नेतं की," ती म्हणाली. "कोन नेतं ते बघायला कोन बसलंय? एक गेली तर दुसरी खुडूक बसतेच."

तिला ते परवडत होतं. मला चारातली एक गेली तर मुलीच्या ताटलीतलं अंडं जात होतं.

तिसरं खुराडं नवऱ्याच्या आतेबहिणीकडे पाहिलं. मागच्या ओट्याच्या दगडी जोत्यातच कोनाड्यासारखी पोकळी, तोंडाला लाकडी फळी. त्यात मांजर जाणं शक्य नव्हतं. पण आमचा ओटा भरीव होता. तो फोडायचा तर मामंजींना पुन्हा विचारायला हवं, आणि ते धैर्य माझ्यात उरलं नव्हतं. तोवर कोंबड्या मी स्वयंपाकघरात, चुलीच्या मागे ठेवत होते. सकाळी त्यांची शीट पुसायची आणि मामंजी उठायच्या आत जमीन सारवून घ्यायची.

शनिवारी नवरा आला तो खांद्यावर चहाचं रिकामं खोकं घेऊन. बारीक फळ्यांचं, कडांना पत्रा ठोकलेला, आतून चंदेरी कागद. "ह्यात उंदीरसुद्धा शिरणार नाही," तो म्हणाला. मी खोक्यावर हात फिरवून पाहिला. कुठेही फट नव्हती. इतकी खुराडी बघून झाल्यावर मला हेच पसंत पडलं. त्यानं बिजागरीचं दार लावलं, हवेसाठी गिरमिटानं भोकं पाडली.

"मोठी नको पाडू," मी म्हणाले. "साप शिरेल."

"अगं, पण श्वास तर घ्यायला हवा त्यांना."

"लहानच पाड."

खोकं घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून, विटांवर ठेवलं. कोंबड्या अंडी देऊ लागल्या. पहिलं अंडं हातात घेतलं तेव्हा ते कोमट होतं. मी धावत आत नेलं. मुलीनं मीठ-मिरी लावून अर्धं खाल्लं आणि तोंड फिरवलं. उरलेलं अर्धं मी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं आणि गोष्ट सांगत सांगत भरवलं. कधी एकही अंडं मिळायचं नाही. मग मी वाटी घेऊन मावशीच्या दारात.

कोंबड्या मोकळ्या सोडायच्या तर मी हातात काठी घेऊन जवळ बसायची. पानमळ्याकडे एखादी वळली की मी काठी आपटत धावायची. हळूहळू मी त्यांना फार थोडा वेळ बाहेर काढू लागले. त्यात एके दिवशी विहिरीजवळ धामण दिसली. मी चिंध्या घेऊन खोक्याची खालची भोकं बुजवून टाकली.

होळी होऊन गेली, उन्हं तापली. एका दुपारी मी माजघरात मुलीच्या उशाशी बसले होते. खिडक्या बंद, दार लोटलेलं. ताप आल्यापासून मी ती खोली तशीच ठेवली होती. एवढ्यात बाहेरून हाक आली.

"सूनबाई, बाहेर ये."

मामंजींनी मला अशी हाक कधी मारली नव्हती. मी तशीच धावले. त्यांनी कोयत्यानं खोक्याचं दार उचकटलं होतं. कोंबड्या जमिनीवर पडल्या होत्या, चोची उघड्या, पंख पसरलेले. एक त्यांनी हातात धरली होती, उराशी, आणि तिच्या तोंडावर तांब्यातलं पाणी शिंपडत होते. ज्या हातांनी ते वेल बांधत त्या हातांत कोंबडी.

मी तिथेच बसले. "मेल्या?"

"नाही. पाणी आण. गार, माठातलं."

आम्ही दोघांनी एकेकीची चोच पाण्यात बुडवली, पंखांखाली ओला हात फिरवला. दोन उठून डळमळत चालू लागल्या. तिसरी थोड्या वेळानं सावलीत जाऊन बसली. मामंजींच्या हातातली मात्र डोळे मिटून पडून होती. ती उभी राहायला पुढे तिन्हीसांज झाली. तोवर मी घशाखाली पाणीसुद्धा उतरवलं नाही.

"भोकं कुणी बुजवली?" ती मांडीवर पडलेली असतानाच त्यांनी विचारलं.

"मी. धामण दिसली होती."

ते रागावले नाहीत. चिंध्या एकेक करून ओढून काढल्या आणि बाजूला टाकल्या. मग त्यांची नजर माजघराच्या बंद खिडकीवर गेली.

"ही कधीपासून बंद आहे?"

मी त्यांच्यासमोर उभी होते, मध्ये दार नव्हतं. "ताप आल्यापासून. वारा लागेल म्हणून."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही."

थोडा वेळ ते कोंबडीच्या पाठीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "नातू गेला तो वाऱ्यानं गेला नाही, सूनबाई."

मी हे कुणालाच बोलले नव्हते. मुलगा आजारी पडायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला कडेवर घेऊन समुद्राकडे गेले होते. वारा होता. त्याचं टोपरं उडालं आणि ते शोधण्यात वेळ गेला. घरी आल्यावर कुणी काही म्हणालं नाही, नंतरही नाही. पण माझ्या मनात ते तसंच बसलं होतं. मामंजींना ते कसं कळलं, मला आजही सांगता येणार नाही. कदाचित सासूबाईंनी ओळखलं असेल आणि जाण्याआधी त्यांच्या कानावर घातलं असेल.

"त्या पंधरवड्यात गावातली पाच-सहा पोरं तशीच गेली," ते म्हणाले. "ती काही समुद्रावर गेली नव्हती."

मी तोंडावर पदर धरून रडले. ते तिथेच बसून राहिले. मग त्यांनी आत जाऊन माजघराची खिडकी स्वतः उघडली. मुलीनं उजेडानं डोळे बारीक केले आणि विचारलं, "आजोबा, बाहेर काय चाललंय?"

त्या संध्याकाळी ते पानमळ्यात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाडीत पडलेली एक पोफळ त्यांनी चिरून आणली आणि तिच्या रिपा काढल्या. अंगणात बसून चौकट केली, बोटभर अंतर सोडून रिपा ठोकल्या. वर झावळ्या घातल्या, खाली दगड. मी शेजारी खिळे देत होते.

"फट किती ठेवू?" त्यांनी विचारलं.

"मांजराचा पंजा जाणार नाही एवढी."

"आणि वारा?"

"तो जाईल," मी म्हणाले.

खुराडं त्यांनी मुलीच्या खिडकीसमोर ठेवलं. भोवती बांबूचं कुडण घातलं, आत कोंबड्यांना फिरायला जागा सोडली. माझी भीती काही तेवढ्यानं गेली नाही. पहाटे उठल्याबरोबर मी आधी रिपांतून डोकावून चार डोकी मोजायची, मग मुलीच्या कपाळावर हात ठेवायची. एकदा रिपांवर नखांचे ओरखडे दिसले. कोंबड्या आत धडधाकट होत्या. मी दिवसभर ते ओरखडे पुन्हा पुन्हा जाऊन बघत होते. मुलगी खिडकीत बसून कोंबड्यांशी बोलायची. मग उंबऱ्यापर्यंत आली, मग कुडणापर्यंत. तिला जावळासारखे कोवळे केस येऊ लागले होते.

पावसाळ्यात गावात कोंबड्यांची मानमोडी आली. माझ्या दोन कोंबड्या त्यात गेल्या. कुठलंच खुराडं त्यांना वाचवू शकलं नसतं. त्या वेळी मी रडले नाही, कारण मुलगी तेव्हा अंगणातल्या चिखलात अनवाणी धावत होती आणि मी तिला आत ये म्हणून ओरडत होते.

पुढच्या जूनमध्ये तिला शाळेत घातली. पहिल्या दिवशी शाळा सुटायच्या कितीतरी आधी मी घरातून निघाले आणि शाळेच्या वळणावर जाऊन उभं राहावं म्हणून झपाझप चालत गेले. मामंजी छत्री घेऊन तिथे आधीच उभे होते. मला पाहून ते जरा सरकले आणि छत्री माझ्याही डोक्यावर येईल अशी धरली.