लाव्यांचं छत

परसातल्या जाळीच्या खोपट्यात मी लावा पक्षी पाळलेत. मुठीएवढे, मातकट, दिवसभर धुळीत लोळणारे. पण जरा कुठे भांडं पडलं की त्यातली एक ठिपक्यांची मादी सरळ वर उसळते. लावा घाबरला की उभाच उडतो. माळावर तेवढ्यानं त्याचा जीव वाचतो. माझ्याकडे वर पत्रा होता. आल्या आल्याच तिचं टाळकं फुटलं. मी हळद दाबली.

"अगं, छत वीतभर उंचीवर आण," नवरा म्हणाला. "उसळायला जागाच नसली की लागणारच नाही."

त्याचं चूक नव्हतं. धंद्यासाठी पाळणारे असंच करतात. पण असली बुटकी छतं मला चांगली ओळखीची आहेत. स्कूटर शिकते म्हटलं तेव्हा आई म्हणाली, पडशील. गाण्याच्या क्लासला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, लोक हसतील. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. मला लागू नये म्हणूनच प्रत्येकानं छत थोडं थोडं खाली घेतलं.

मी जुनी गोधडी काढली आणि पत्र्याखाली झोळीसारखी सैल बांधली.

आज सकाळी कुकरची शिट्टी झाली. ती उसळली, गोधडीवर धप्पकन आदळली, खाली आली, पिसं झटकली आणि दाणे टिपायला लागली.

"बघ, परत आपटली," नवरा म्हणाला.

"आपटू दे," मी म्हटलं. "छत खाली येणार नाही."