औषध नव्हे, झेर

चंद्रिकाबाईंच्या आवाजापुढे घंटेची काय बिशाद! वाणगावजवळच्या त्या पाड्यात त्या अंगणवाडी चालवतात, आणि सकाळी ओट्यावर उभं राहून "उठला का रे? तोंडं धुतली का?" असं ओरडल्या की पोरं पळत सुटतात, शेजारच्या कोंबड्याही पळतात. माहेर मसोलीचं, सासर पाड्यातलंच. बाई फटकळ. फटकळ माणसं आतून प्रेमळ असतात असं उगीच म्हणतात हो, पुष्कळदा ती नुसतीच फटकळ असतात. पण ही बाई खरोखर मायेची होती, म्हणून तिचं सांगायचं.

त्यांच्या अंगणवाडीत सुकीची चार वर्षांची हेतल येऊ लागली आणि बाईंच्या नाकी नऊ आले. पोरगी एका जागी बसायची नाही. हाक मारली तर बघायची नाही. कुकरची शिटी झाली की कान दाबून किंचाळायची आणि जवळ असेल त्याला कडकडून चावायची. पाड्याने तिचं नाव 'चावरी' ठेवलं होतं. बाप मिथुनसुद्धा घरात तेच नाव घेऊन तिच्यावर खेकसायचा. कुणी म्हणे बाहेरचं लागलंय, कुणी म्हणे आईने लाडावून ठेवलंय. उचलली जीभ नि लावली टाळ्याला!

एक दिवस हेतलने नयनच्या गालाचा चावा घेतला. नयनची आई शुक्री पोटुशी होती, तरी पदर खोचून भांडायला आली. तिच्यामागे आणखी चार बाया.

"बाई, एक तर ही चावरी इथे राहील, नाहीतर आमची पोरं राहतील. सांगा काय ते!"

"शनिवारी सगळ्या आयांना बोलावते, तेव्हा ठरवू," बाई म्हणाल्या आणि वेळ मारून नेली. पण इथून काढली तर ही पोर जाणार कुठे? सुकी आणि मिथुन दोघंही मिरचीच्या वाडीत कामाला. म्हणजे हेतल पुन्हा वाडीच्या बांधावर, दिवसभर किडीवरच्या फवाऱ्याच्या वासात. मग तिचं शिकणं, बोलणं, सगळंच संपलं.

शनिवारच्या आधीच बाई मायलेकींना घेऊन डहाणूला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी हेतलला तपासलं, मग सुकीला विचारलं, "ही पोटात होती तेव्हा तू काय काम करायचीस?"

"वाडीतच होते. हे औषध मारायचे, मी ड्रमात कालवून द्यायचे."

"आणि झाल्यावर हिला कुठे ठेवायचीस?"

"तिथेच. आंब्याला झोळी बांधून." मग सुकी लाजत म्हणाली, "उवा झालेल्या तेव्हा तेच औषध जरा तेलात घालून डोक्याला लावलं दोन-चारदा."

"अगं बये!" चंद्रिकाबाई ओरडल्याच. "काय लावलंस?"

सुकी गोंधळून बघत राहिली. "औषधच लावलं ना, बाई. औषधाने कुणाचं वाईट होतं का?"

आता हिला काय बोलणार? दुकानदार औषध म्हणतो, वाडीचा मालक औषध म्हणतो, नवरा सकाळी "औषध मारायला जातो" म्हणून घराबाहेर पडतो. खोकल्याच्या बाटलीला हाच शब्द, किडी मारायच्या डब्यालाही हाच.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यानेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मेंदू घडत असतो तेव्हा असलं काही अंगात जाणं वाईटच. त्यावर घरात आरडाओरडा, मारझोड असली, की मुलाला स्वतःला सावरता येत नाही. ही वाईट नाही गं, घाबरलेली आहे." मग काय करायचं तेही सांगितलं. त्या फवाऱ्याच्या औषधापासून लांब ठेवा, नेमाने इथे आणा, अंगणवाडी सोडू नका, रोजचा क्रम बदलू नका. "आणि हिच्याशी हळू आवाजात बोला."

हे शेवटचं ऐकून चंद्रिकाबाईंचं तोंड उतरलं. हळू आवाज? तो त्यांच्या घराण्यात कुणाला नव्हता!

परतताना रिक्षात त्यांनी सुकीला विचारलं, "तुझ्या माहेरी, वेवजीला, विषाला काय म्हणतात?"

"झेर."

"मग आजपासून त्याला झेर म्हणायचं. औषध म्हणशील तर बघ!"

तडक त्या मिथुनकडे गेल्या. "झेर मारून आलास ना? आधी कपडे बाहेर काढ, आंघोळ कर, मग पोरीला उचल. आणि तिच्यावर ओरडायचं बंद."

मिथुन भडकला. "माझ्या घरात तुमचं काय काम, बाई?"

"तुझ्या घरात माझी पोरगी आहे," बाई म्हणाल्या. मिथुन पुटपुटत न्हाणीकडे गेला. रोज तो असा ऐकायचा असं नाही, पण बाईंनी पाठ सोडली नाही.

अंगणवाडीत त्यांनी हेतलला दाराशी, गोंगाटापासून लांब जागा दिली. कुकर बाहेरच्या पडवीत नेला. आणि आवाज! घशाशी आलेली आरोळी गिळून ती बाई पोरांशी कुजबुजायला लागली. नवऱ्याला वाटलं, हिला बरं नाही. खरं सांगायचं तर डोंगर हलवणं सोपं असेल, पण पन्नाशीला आलेल्या बाईने स्वतःचा आवाज बदलायचा म्हणजे कमालच की!

शनिवारी आया जमल्या. हेतल दाराशी बसली होती. बाई इतक्या हळू बोलायला लागल्या की ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं. मग सुकी उठली. ड्रम, झोळी, उवा, तिने सगळं सांगितलं. सांगताना हुंदके आले तरी थांबली नाही. "माझ्या हाताने घातलं मी झेर," ती म्हणाली.

वाडीत झोळी कुणी बांधली नव्हती?

शुक्रीने आधी मांडीवर बसलेल्या नयनच्या केसांकडे पाहिलं. मग तिचा हात आपोआप पोटावर गेला.

"बाई, काल सकाळीच मी ड्रमात झेर कालवलं. ह्याचं काय होईल?"

चंद्रिकाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "माहीत नाही गं मला. सोमवारी डहाणूला जाऊ दोघी. पण आता ड्रमाला हात लावायचा नाही. मालकाला मी सांगते, तुला मिरची भरायच्या शेडमध्ये घेईल. कसा घेत नाही बघते!"

शुक्रीने मोठ्याने गळा काढला. तशी दाराशी हेतल दचकली. दोन्ही हातांनी कान दाबून थरथरायला लागली.

शुक्रीने ते पाहिलं. पदराचा बोळा करून तिने तोंडात कोंबला, आणि आवाज न करता रडत राहिली.