भेस्तानच्या केबिनमधली ओल

आम्ही धुळ्याकडून सुरतला आलो तेव्हा लूमच्या कारखान्यामागे एका खोलीत सात जण राहायचो. वडील दिवसभर लूमवर उभे असायचे. घरी आल्यावरही ते ओरडूनच बोलायचे, कारण त्यांच्या कानात लूम चालूच असायचे. आई साड्यांचे धागे कापायची. बोटांना चिरा पडल्या की आम्ही तिला भरवायचो. त्या खोलीतून मी बी.एस्सी. झालो. आमच्यात त्याआधी कॉलेजात कुणीच गेलं नव्हतं, आणि हे सांगताना मी आजही आवाज खाली करत नाही.

गिरण्यांचे कॉम्प्युटर टेलिफोन लाइनने जोडून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. आमची यंत्रं भेस्तान, पर्वत पाटिया, बारडोलीला बंद केबिनमध्ये असायची. तिथल्या उष्णतेने किंवा हवेतल्या ओलीने ठरलेली मर्यादा ओलांडली की माझ्यासमोरच्या पॅनलवर लाल दिवा लागायचा. मी वहीत वेळ लिहायचो आणि सही करायचो.

श्रावणात भेस्तानचा दिवा रोज दुपारी दीडला लागू लागला. ओल चढत जायची, चारला आपोआप उतरायची. केबिनला कुलूप, दोन्ही चाव्या आमच्या ड्रॉवरमध्ये. छत गळत नव्हतं. पाऊस दिवसभर असायचा, पण दिवा दीडलाच. बंद खोलीत कुणीतरी येऊन बसावं, श्वास घ्यावा आणि उठून जावं, तसं वाटायचं.

एका दुपारी मी केबिनमधल्या फोनवर रिंग दिली. चौथ्या घंटीला तो उचलला गेला. मी "हॅलो" म्हटलं. पलीकडे कुठेतरी थेंब पडत होते, टप, टप. मग फोन हळूच ठेवला गेला.

रात्री आईला सांगितलं. "काबर घाबरस?" म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी डबा देताना म्हणाली, एकटा जाऊ नको.

सुपरवायझर साहेबांना भीतीबिती नव्हती. "सेन्सर बगडी गयो आहे," ते म्हणाले. "लिमिट वाढव. पॅनल गप्प, आपण गप्प."

"साहेब, यंत्रातलं कार्ड गंजलं तर वहीत सही माझी आहे."

"बहु भणेला तू, मोठा शिकलेला! जा, बघून ये. काही नाही सापडलं तर उद्यापासून येऊ नको."

मी दीडला केबिनशी पोचलो. कुलूप कडीत नुसतं अडकवलेलं होतं. दार ढकललं आणि आतल्या गारव्याने अंगावर काटा आला. छतापासून जमिनीपर्यंत पांढऱ्या साड्या लोंबत होत्या. एसीच्या वाऱ्याने त्या एकेक करून हलायच्या, आणि मागचे हिरवे दिवे त्यांतून उघडझाप करायचे. तेवढ्यात एक साडी थांबली आणि तिच्यामागून बाईचा हात आला.

ती केबिनच्या वॉचमनची बायको होती. लोकांच्या साड्या धुऊन, खळ देऊन द्यायची. पावसात बाहेर वाळत नव्हत्या, म्हणून रोज दीडला इथे टांगायची आणि चारला काढून न्यायची. वीज गेल्यावर एसी पुन्हा चालू करायला कुणीतरी वॉचमनला तिसरी चावी देऊन ठेवली होती.

"फोन तुम्हीच उचलला?"

"वाजना म्हणून उचलना. मंग भ्याव वाटनं," ती आमच्याच अहिराणीत म्हणाली; वाजला म्हणून उचलला आणि मग भ्याली. "भाऊ, साहेबले सांगू नका."

एका कार्डाच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. मी तिला साड्या काढायला लावल्या. तिच्याबरोबर मीही पिळल्या. पण साहेबांना सांगितलं, वॉचमनच्या नावासकट. तो धुळ्याकडचा, आमच्या बाजूच्या गावचाच माणूस निघाला, तरी सांगितलं. त्याला काढू नका म्हणूनही बोललो. साहेबांनी त्याला काढलं नाही, बारडोलीच्या केबिनवर पाठवलं. जाताना त्याने ती तिसरी चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवली.

मर्यादा आम्ही वाढवली नाही. दुसऱ्या दिवशी दीडला मी पॅनलसमोर उभाच राहिलो. दिवा लागला नाही.

सहा महिने भरले तेव्हा मला कायम केलं. आमच्या घरात कायम नोकरीचं पत्र मिळालेला मी पहिला.