पलीकडचा भात

समोरच्या फ्लॅटमध्ये सुदानचे दोन विद्यार्थी राहायचे. सगळ्यांनी एकाच मोठ्या ताटात जेवायचं आणि प्रत्येकाने आपल्या पुढ्यातलंच खायचं, ही त्यांच्याकडची रीत. मग तिकडे दोन सेनापतींची सत्तेवरून जुंपली. या मुलांपैकी एकाचा भाऊ या फौजेत गेला, दुसऱ्याचा त्या. इथे दोघांचं बोलणं बंद झालं आणि एक जण खोली सोडून गेला. मेलं भांडण कुणाचं, आणि ताटावरून उठलं कोण!

काल आमटी द्यायला गेले, तर मागे राहिलेला इद्रिस एकटाच त्या मोठ्या ताटात जेवत होता. पुढ्यातला भात संपला होता, पलीकडचा तसाच होता.

"अरे, तोही घे ना."

तो मोडक्या मराठीत म्हणाला, "ते त्याच्या पुढ्यातलं आहे, मावशी."