लेस म्हणजे कमी

एसटी फाट्यावर पाऊण तास उशिरा आली, आणि त्या पाऊण तासात दोड्डप्पांनी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, "पोरगी सोलापूरला कॉम्प्युटर शिकायला चाललीया." दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या घरातला शेवटचा शब्द. मी चालले होते केक शिकायला. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण केक शिकायला कुणाची पोरगी गाव सोडते का, लोक काय म्हणतील, म्हणून मला कॉम्प्युटर चिकटवला. मी तोंड उघडणार एवढ्यात अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, माझा दंड असा दाबला की दोन दिवस वळ होता. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं हातात देताना ती एवढंच पुटपुटली, "तितं काय करायचं ते कर. हितं बोलू नगं."

बाकीच्यांना गाव सोडताना रडू येतं म्हणे. मला सणकून राग आला होता. खिडकीतून मी हातसुद्धा हलवला नाही.

स्थलांतर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं विमान येतं. आमचं गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. सोलापूर तिथून दोन तासांवर. पुण्याला आणि पार अमेरिकेला गेलेल्या माझ्या मैत्रिणी हसतात, "अगं, तू कुठं गेलीस? सकाळी जाऊन संध्याकाळी परत येशील." येईन की! पण परत आल्यावर खरं काय ते बोलायची सोय नसेल, तर दोन तासांचं अंतरही लई होतं. हे मी तुम्हा गेलेल्यांना सांगतेय, आणि गावात राहिलेल्या बायांना तर जास्तच.

आता मूळ गोष्ट. आमच्या घरात अंडं चालत नाही. त्याचं नावसुद्धा घेत नाहीत. घ्यावंच लागलं तर अव्वा कानडीत, तेही आवाज पाडून, 'तत्ती' म्हणते. ते मला मान्य आहे. मी स्वतः आजही खात नाही. माझं भांडण अंड्याशी नाहीच.

बारावीत असताना मी कुकरमध्ये तळाला मीठ घालून, शिट्टी काढून, दही आणि सोड्यावर पहिला केक केला. कडेनं करपला, मधे खचला, तरी पोरांनी भांडं चाटून पुसून ठेवलं. मग भावकीतल्या पोरांचे सगळे वाढदिवस माझ्या अंगावर आले. "पोरीला लई नाद हाय" असं सगळे कौतुकानं म्हणायचे. फुकट होतं तोवर नाद. याचाच धंदा करते म्हटल्याबरोबर तेच लोक म्हणाले, "खूळ लागलंय." माणसानं किती निलाजरं असावं याला काही माप आहे का नाही?

सोलापुरात पूर्व भागात पद्माबाई नावाच्या तेलुगू बाईंचा क्लास होता, पत्र्याच्या छताखाली, वरच्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढं अंड्याचा ट्रे ठेवला. फोडलं ते असं, की टरफल भांड्यात आणि आतलं सगळं ओट्यावर. "बाई, आमच्यात चालत नाही," मी म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "खायचं नसेल तर खाऊ नको. पण येत नाही म्हणून देवाला मधे आणू नको." त्या आठवड्यात मी फोडलेल्या अंड्यांना गिनती नाही. रोज संध्याकाळी खोलीवर जाऊन दोन-दोनदा हात घासायचे आणि मग देवापुढं बसायचे.

मग क्रीमची फुलं. एका पाकळीला दुसरी चिकटली की बाई म्हणायच्या, "मळ्ळी." मळ्ळी म्हणजे पुन्हा. तेलुगू मी एवढंच शिकले, पण ते पुरलं. गुलाब खरवडायचा, क्रीम पिशवीत भरायचं, पुन्हा. त्यात सोलापूरचा उन्हाळा! बाहेरच्या देशातल्या बाया व्हिडिओत कशा निवांत फुलं काढतात. त्यांना एकदा आमच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली आणून बसवा म्हणावं. भांड्याखाली बर्फाची परात, मनगटावर ओलं फडकं, पंखा बंद, कारण वाऱ्यानं क्रीमला साय धरते. वर्षभरात हाताला वळण आलं. बाईंनी शेवटच्या दिवशी माझा गुलाब उचलून उजेडात धरला आणि 'मळ्ळी' न म्हणता परत ठेवला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

आज शहरातल्या जुळे सोलापूर भागात माझं छोटं दुकान आहे. मागं दोन खोल्या. एकीत अंड्याचं काम, दुसरीत बिनअंड्याचं. ओव्हन वेगळे, भांडी वेगळी, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. एवढं काटेकोर कुठल्या घरातही कुणी पाळत नसेल. तरी गावात बोलवा काय, तर "ती सगळं एकातच कालवती." कुणी बघितलं? कुणीच नाही. आणि गिऱ्हाइकांचं काय सांगू! चार तास बसून फुलं काढावीत, आणि दोन मिनिटांत वाढदिवसवाल्याच्या तोंडाला फासावीत. फासायलाच पाहिजे तर चिखल काय वाईट आहे? पण ते परकेच. परक्यांचा राग रात्रीपर्यंत उतरतो.

उतरला नाही तो अप्पांच्या साठीचा राग.

अप्पा म्हणजे माझे वडील. कमी बोलणारे, जोंधळ्याच्या रानात खूश असणारे. त्यांच्या साठीला मी तीन मजली केक केला. फुलं नाहीत, गुलाब नाहीत. क्रीममधून जोंधळ्याची कणसं काढली. एकेक दाणा वेगळा, खाली पानं, पानांना मधली शीर. अर्थात बिनअंड्याचा. गाडी ठरवून, एसी लावून, वरचा मजला मांडीवर धरून नेला. अंगणात टेबलावर ठेवला तेव्हा अप्पा जवळ आले, बोट न लावता वाकून बघितलं आणि म्हणाले, "दाणं भरल्यात की गं." मला वाटलं, झालं, पोचले मी घरी.

डब्यावर माझा नेहमीचा स्टिकर होता. इंग्रजीत, हिरव्या ठिपक्यासकट: एगलेस. दोड्डप्पा हायस्कुलात क्लार्क होते, त्यामुळं गावात इंग्रजी कागद आला की तो त्यांच्याकडं जातो. त्यांनी खिशातून चष्मा काढला. मोठ्यानं वाचलं, "एग." अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. "एग... लेस." मग मागं वळून सगळ्यांना शिकवल्यासारखं सांगितलं, "मोर म्हंजी जास्त. लेस म्हंजी कमी. कमी घातलंय."

"दोड्डप्पा, एगलेस म्हणजे अजिबात नाही," मी म्हणाले.

"कमी घातलंय म्हंजी घातलंयच की! आन न्हायच घातलं, तर नाव कशाला लिवलंय?"

जिनं हे केलंय ती मी तिथं उभी, माझ्या तोंडाला किंमत नाही. आणि डब्यावरच्या अर्ध्या शब्दाला एवढी किंमत! मी शपथ घेतली. देवाची घेतली, अप्पांची घेतली. बाया पदर नाकाला लावून मागं सरकल्या. अप्पा जमिनीकडं बघत राहिले. आणि अव्वा दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. दही किती, सोडा किती, आदल्या दिवशी फोनवर तिनंच मला विचारलं होतं. पण आमच्यात बाई थोरल्या दिरापुढं बोलत नाही. दोड्डप्पांचा आवाज आला की ती पदर पुढं ओढून आत जाते. त्या दिवशीही गेली.

पुढचं ऐका. दोड्डप्पांनी मोटारसायकल पिटाळून तालुक्याच्या गावातून एक केक आणवला. पिवळ्या क्रीमवर अननसाच्या चकत्या, मधे लाल चेरी. डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं तो शुद्ध! मी एक तुकडा बोटांत दाबला, हुंगला. ज्या हातांनी शेकड्यानं अंडी फोडलीत त्यांना स्पंज दाबला की कळतं, आणि नाकाला तर त्याआधीच. अंडं होतं. भरपूर होतं. अप्पांनी दोन तुकडे खाल्ले, दोड्डप्पांनी तीन, आणि सगळी भावकी तोंड पुसत जेवायला बसली.

मी सांगू शकले असते. एका वाक्यात सगळ्यांचं जेवण उठवलं असतं, आणि देवाशपथ, जिभेच्या टोकावर आलं होतं. पण अप्पा हसत होते. साठ वर्षांत त्यांच्यासाठी कुणी केक कापला नव्हता. मी गिळून टाकलं. माझी कणसं उन्हात एकेक दाणा करत ओघळली. शेवटी मांडववाल्यांना बोलावून तो केक दिला, आणि ते चौघं मिटक्या मारत सगळा संपवून गेले.

त्यानंतर मी गावी जायचं बंद केलं. दोड्डप्पांचा राग होताच, पण खरं सांगते, जास्त राग अव्वाचा होता. एवढं एक वाक्य. "न्हाय घातलं, मला म्हाईत हाय." एवढं एक वाक्य तिला बोलता आलं नाही?

यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला अव्वा सोलापूरला आली आणि माझ्याकडं राहिली. अप्पा तिला सोडून परत गेले, रानात काम होतं. पहिले तीन दिवस तिनं दुकानातल्या कशाला हात लावला नाही. काळा चष्मा घालून खुर्चीवर बसायची आणि बघायची. दोन्ही खोल्या बघितल्या, वेगळी भांडी बघितली, फडकी बघितली. मी मुद्दाम माझं काम करत राहिले. चौथ्या दिवशी मी मागं क्रीम फेटत होते आणि पुढं एक बाई आली. तिनं काउंटरवरच्या अव्वालाच विचारलं, "मावशी, यात अंडं आहे का हो?"

"न्हाय," अव्वाचा आवाज आला, चांगला खणखणीत. "माज्या लेकीनं केलाय. मी सोता खाल्लाय."

बाई केक घेऊन गेली. मी हात पुसत पुढं आले. "अव्वा, खोटं कशाला बोललीस? तू कुठं खाल्लास?"

तिनं ट्रेमधली कापून उरलेली एक कड उचलली, तोंडात टाकली, सावकाश चावली. "आता खरं झालं की."

मग मात्र माझा बांध फुटला. भांडलेच मी. परक्या बाईपुढं एवढं तोंड उघडतं, मग त्या दिवशी अंगणात काय झालं होतं? माझी अब्रू जात होती आणि तू आत गेलीस! हे इथं बोललीस ते तिथं का नाही बोललीस?

अव्वानं चष्म्याखालून डोळ्याचं पाणी टिपलं. ते ऑपरेशनचं का कशाचं, मला माहीत नाही. "तितं मला कोण इचारतंय?" ती म्हणाली.

मी वर्षानुवर्षं तिच्यावर चिडले होते, आणि ती माझ्यापेक्षा दुप्पट वर्षं गप्प बसवलेली बाई होती. मला तरी दोन तासांची एसटी मिळाली. माझा राग काही कमी झाला नाही. फक्त तो आजवर चुकीच्या दारावर धडका देत होता, एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी दोड्डप्पांचा फोन. त्यांच्या नातीचा पहिला वाढदिवस आहे आणि सुनेला माझ्याकडचाच केक पाहिजे. "त्यो बिनतत्तीचा कर," ते म्हणाले, "आन डब्यावर त्ये लेसबिस लिवू नगं. लोक गैरसमज करून घेत्यात."

लोक! ठेवूनच देणार होते फोन, पण समोर अव्वा बसली होती.

"मी करते, दोड्डप्पा," मी म्हणाले. "पण त्यात अंडं नाही हे मी सांगितलेलं तुम्हाला पटत नाही. अव्वानं इथं सगळं डोळ्यांनी बघितलंय. तिला विचारा. ती व्हय म्हणाली तर पाठवते."

"तिला काय इचारायचं?"

"हेच विचारायचं." आणि मी स्पीकर लावून फोन अव्वाच्या हातात दिला.

तिनं आधी पदर डोक्यावरून पुढं ओढला. फोनपुढं! पलीकडं दोड्डप्पा नुसतेच खाकरत होते. तिला काय म्हणून हाक मारायची तेच त्यांना सुचेना. चाळीस वर्षांत कधी तशी वेळच आली नव्हती. शेवटी बिननावानंच आलं, "म्या म्हन्तो... चालंल का त्यो केक? आपल्यात?"

मला वाटलं, अव्वा घाबरून फोन माझ्याकडं देईल. तिनं दिला नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, मग मागच्या दोन खोल्यांकडं, मग पुन्हा फोनकडं.

"इचार करून सांगते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

"अव्वा! विचार कसला करायचाय त्यात?"

"ऱ्हाऊ दे जरा," ती म्हणाली. "वाट बगू दे."

बायांनो, तुमचं घर कुठं, असं मला अजून लोक विचारतात, आणि मी गावाचंच नाव सांगते. पण घर म्हणून मला फार काही नको होतं. आपल्या तोंडचा शब्द तिथं खरा धरावा, एवढंच. तो मान तिकडं गावात मिळाला नाही म्हणून मी इथं आले, आणि आता तो मिळवायला माझी आई इथं येऊन बसलीय. तिला परत न्यायला अप्पा रविवारी येणार होते. तिनं त्यांना पुढच्या रविवारी यायला सांगितलंय.

आज तिसरा दिवस. दोड्डप्पांचे दोन फोन येऊन गेले. अव्वा अजून विचार करतेय.