सासऱ्यांच्या गाडीतलं घड्याळ

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे ‘वायरमन’ म्हणत. अंगाने काटकुळा, बोलायला मवाळ. गाडीत बिघाड सापडला नाही, तरी ‘काही झालेलं नाही’ असं सांगून गिऱ्हाईकाला परत पाठवणं त्याच्या जिवावर यायचं. मग एखादा स्क्रू आवळायचा, एखादं टोक घासून पुसायचं आणि म्हणायचं, “आता बघा.” बहुतेकांना बरं वाटायचं. बायको म्हणे, “तुम्ही गाड्या दुरुस्त करत नाही, माणसांची समजूत काढता.”

त्या दुपारी तिचेच वडील दुकानात आले. जन्मभर बस चालवलेला माणूस. आता जुनी गाडी आणि शेजारच्या सीटवर सासूबाई, एवढाच संसार.

“जावईबापू, डॅशबोर्डावरचं घड्याळ विझत चाललंय. आकडे दिसता दिसत नाहीत.”

“मामा, आत येऊन बसा. बघतो.”

त्याने पट्टी उचकटून घड्याळ बाहेर काढलं, मागचे वायरींचे टाके पुन्हा कथिलाचा डाग देऊन पक्के केले. हिरवे आकडे लख्ख उमटले. खरं म्हणजे आधीही लख्खच होते.

“कसं वाटतंय?”

सासरे पुढे वाकले. आणखी वाकले. “अजून तसंच. धुरकट.”

वायरमनने घड्याळाकडे बघितलं, मग सासऱ्यांच्या डोळ्यांकडे. सोबत आलेल्या सासूबाई हसून म्हणाल्या, “परवा यांनी फाटकाला गाडी घासली. म्हणे, फाटकच पुढे आलं होतं!”

“आलंच होतं,” सासरे म्हणाले.

बोलायची वेळ तीच होती. पण सासऱ्यांना, तेही बसवाल्याला, डोळे तपासा म्हणायचं कोणत्या तोंडाने? हात सवयीने कामाला लागले. आकड्यांवरची गडद काच त्याने काढून टाकली. दिवे लावले की आकडे मंद करणारी वायर तोडली, उजेड होता तेवढा सगळा मोकळा सोडला. आकडे नुसते पेटले. त्याच्याच डोळ्यांना ते टोचू लागले.

सासऱ्यांनी वेळ खणखणीत वाचून दाखवली, वर्गात पहिला आलेल्या पोरासारखी.

“बघितलंस?” ते बायकोकडे वळले. “तू आणि तुझी लेक! म्हणे डोळे गेले. बिघाड घड्याळात होता. आता रात्रीचीही गाडी काढतो, बहिणीकडे जायचं म्हणत होतीस ना? चल, बस.”

सासूबाई पर्स सावरत बसल्या. इंजिन सुरू झालं. वायरमन दाराशी गेला आणि त्याने दार धरलं.

“मामा, घड्याळ चांगलंच होतं.”

“मग इतका वेळ काय केलंत?”

“उजेड वाढवला. तुम्हाला दिसावं म्हणून.”

मग सासूबाईच हळू आवाजात, समजूत घालावी तशा म्हणाल्या, “जावईबापू, मी असते ना शेजारी. सिग्नल लाल झाला की सांगते यांना. खड्डा आला की सांगते. आमचं जमलंय.”

म्हणजे हे कधीपासूनचं होतं. आणि आज तो स्वतः ते आणखी पक्कं करून देत होता. सासऱ्यांचा चेहरा उतरला नव्हता, कडक झाला होता. हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी.

“दार सोडा, जावईबापू.”

त्याने आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं. आत वाकून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि किल्ली मुठीत घेतली. सासूबाईंच्या तोंडून “अगं बाई” एवढंच निघालं.

“आणा ती इकडे,” सासरे म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. हात जावयाच्या मुठीच्या वीतभर बाजूला, हवेत थांबला.